धडा सातवा : आडनावातलं गाव

 

मागच्या धड्यात आपण नात्यांचे शब्द शिकलो. काका आणि मामा यांना हिब्रूत एकच शब्द आहे, मराठीत दोन आहेत, हे आपण पाहिलं. आज आपण गावाकडे जाऊ. आपल्या पणजोबांचं गाव कसं शोधायचं, तिथे कसं जायचं आणि तिथे गेल्यावर काय बोलायचं, एवढाच आजचा विषय आहे. हा धडा मी माझ्याच घरातल्या एका फजितीपासून सुरू करतो.

शाळेतला कागद

माझा नातू सातवीत होता. सातवीत आपल्याकडे सगळ्या मुलांना ‘अवोदात शोराशीम’ करावी लागते, म्हणजे आपल्या घराण्याच्या मुळांचा अभ्यास. शाळेने दिलेल्या कागदावर प्रश्न होता, ‘तुमचं कुटुंब कोणत्या गावातून आलं?’ त्याने लिहिलं, ‘बॉम्बे, होदू.’ पुढचा प्रश्न होता, ‘तुमच्या आडनावाचा अर्थ काय?’ आमचं आडनाव दानिएल. त्याने लिहिलं, ‘तनाखमधल्या नबीचं नाव.’

शिक्षिकेने दोन्ही उत्तरांवर बरोबरची खूण केली. पण माझ्या आईने, म्हणजे त्याच्या पणजीने, तो कागद वाचून घेतला आणि म्हणाली, “दोन्ही चूक.”

आई तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांची होती. ती काठी टेकत स्वयंपाकघरात गेली आणि फळीवरून पितळेचं एक पातेलं काढायला लावलं. १९६४ साली आम्ही मुंबईहून दिमोनाला आलो तेव्हा ट्रंकेत कपड्यांच्या मध्ये गुंडाळून तिने ते आणलं होतं. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. त्या पातेल्यात आजही मलिद्याचे पोहे कालवले जातात. आईने ते उलटं केलं आणि नातवाला म्हणाली, “काठावर बघ काय लिहिलंय.” भांड्यावर नाव घालायची आपल्याकडे पद्धत होती. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं होती. नातवाने तुमच्यासारखंच एक एक अक्षर जुळवत वाचलं : ‘अ-ष्ट-म-क-र.’

“हे आपलं आडनाव,” आई म्हणाली. “दानिएल हे तुझ्या खापरपणजोबांचं नाव. आडनाव नव्हे.”

मला हे ठाऊक होतं. पण मी नातवाला कधी सांगितलं नव्हतं आणि त्याने कधी विचारलं नव्हतं. माझ्या वडिलांच्या मुंबईतल्या शाळेच्या दाखल्यात त्यांच्या नावापुढे बापाचं नाव लिहिलं गेलं आणि गावाचं राहिलं. पुढे तोच दाखला नोकरीत, तोच पासपोर्टात, आणि तेच इथल्या ओळखपत्रात आलं. आपल्या वर्गातल्या किती जणांची आडनावं शमुएल, बिन्यामिन, मोशे, याकोब अशी आहेत, बघा. त्यातल्या पुष्कळांच्या मागे एखादं ‘कर’ लपलेलं असेल.

‘कर’ म्हणजे काय

मराठीत गावाच्या नावाला ‘कर’ जोडलं की त्या गावचा माणूस असा अर्थ होतो. पेणचे ते पेणकर. रोह्याचे रोहेकर. किहीमचे किहीमकर. नवगावचे नवगावकर. झिराडचे झिराडकर. आणि अष्टमीचे अष्टमकर. कोकणात हिंदू शेजाऱ्यांची आडनावंही अशीच असतात, त्यामुळे नुसत्या आडनावावरून धर्म कळत नाही, गाव कळतं. आपल्या लोकांच्या आडनावांत अशी शंभराहून अधिक गावं आहेत. ती बहुतेक एकाच पट्ट्यात येतात : मुंबईच्या दक्षिणेला, समुद्र आणि सह्याद्री यांच्या मधल्या भागात. हा भाग आज रायगड जिल्हा म्हणून ओळखला जातो.

इथे एक गोष्ट वहीत लिहून घ्या. १९८१ पर्यंत या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. आजोबांच्या जुन्या पासपोर्टात किंवा दाखल्यात ‘जिल्हा कुलाबा’ असं असेल, तर मुंबईतला कुलाबा शोधत बसू नका. अर्थ आहे आजचा रायगड.

दुसरी अडचण म्हणजे एकाच नावाची दोन गावं. नागाव अलिबाग तालुक्यात आहे आणि उरण तालुक्यातही आहे. खंडाळा म्हटलं की सगळ्यांना लोणावळ्याजवळचं थंड हवेचं ठिकाण आठवतं. पण एलियाहू हन्नाबीच्या रथाची खूण जिथल्या खडकावर आहे असं आपले लोक मानतात, जिथे जाऊन नवस फेडतात आणि मलिदा करतात, ते खंडाळे अलिबागजवळ आहे. म्हणून गावाच्या नावाबरोबर तालुका विचारायचाच. आजीला तालुका आठवत नसेल तर वेगळं विचारा : “बाजाराला कुठे जायचात?” बाजाराचं गाव कळलं की तालुका बहुधा सापडतो.

आपण त्या गावांत कसे होतो

आपली परंपरा सांगते की फार पूर्वी एक गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं. त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. जे बुडाले त्यांना किनाऱ्यावर दोन ढिगाऱ्यांखाली पुरलं, एकीकडे पुरुष आणि एकीकडे बायका. पोथ्यापुस्तकं समुद्रात गेली. लक्षात राहिला तो शेमा. हे केव्हा घडलं याबद्दल विद्वानांचं एकमत नाही, आणि या धड्यात आपण तो वाद सोडवणार नाही. पण नवगावला ती जागा आजही दाखवतात आणि तिथे स्मारक उभं आहे.

वाचलेल्या लोकांची मुलंबाळं आसपासच्या गावांत पसरली. भाषा मराठी झाली, लुगडं आणि पागोटं आलं, जेवणात भात आणि नारळ आला. पुष्कळांनी तेलाचा घाणा चालवला. बैल गोल फिरतो, लाकडी उखळीत तीळ किंवा खोबरं दळलं जातं आणि तेल निघतं, तो घाणा. हे तेली शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते ‘सोमवार तेली’. गावाने आपल्याला देवाच्या नावाने ओळखलं नाही, विश्रांतीच्या वारावरून ओळखलं. सुंता, शब्बात, खवले असलेलीच मासळी, आणि शेमा, एवढं धरून ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली.

सणांची नावंही त्यांनी मराठीत ठेवली. रोश हाशाना म्हणजे नव्याचा सण. तिशा बेआवच्या उपासाला बिरड्याचा रोजा, कारण त्या दिवशी उपास सोडताना वालाचं बिरडं करायचं. तुमच्या घरात अजून कोणी हे शब्द वापरत असेल तर ते शब्द थेट त्या गावांतून आले आहेत.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून आपले लोक मुंबईला जाऊ लागले : पलटणीत, बांधकामावर, पुढे रेल्वेत, पोस्टात, कचेऱ्यांत. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे शमुएल यहेज्केल दिवेकर, यांनी १७९६ साली मुंबईत आपली पहिली सिनेगॉग बांधली. तिचं नाव शाआर हारहमीम, पण आपल्या माणसांच्या तोंडी ती ‘जुनी मशीद’. तेव्हा मुंबई हे आपलं मूळ नव्हे. ते वाटेतलं मोठं स्टेशन. नातवाच्या कागदावर ‘बॉम्बे’ हे उत्तर आईला चूक वाटलं ते यासाठी.

आधी घरात शोधा

कोकणाचं तिकीट काढण्याआधी स्वतःच्या घरात शोध घ्या. आम्ही तीन महिने हेच केलं. कुठे काय सापडू शकतं ते सांगतो.

भांडी. पितळेची, तांब्याची भांडी उलटी करून बघा. काठावर, बुडाखाली नाव, कधी गाव, कधी लग्नाचं साल असतं.

कतुबा. जुन्या कतुबेत आणि लग्नाच्या दाखल्यात पूर्ण नाव मिळण्याचा संभव जास्त.

जुना भारतीय पासपोर्ट. जन्मगाव त्यात असतं. तो फेकू नका. भारताच्या नागरिकाची मुलं, नातवंडं आणि पतवंडं यांना ‘ओसीआय’ कार्डासाठी अर्ज करता येतो, आणि तेव्हा असे जुने कागद कामाला येतात. ते कार्ड नसेल तर भारतात जायला व्हिसा लागतो.

प्रार्थनेची पुस्तकं आणि हग्गादा. पहिल्या कोऱ्या पानावर घरातल्या जन्म-मरणाच्या नोंदी लिहायची सवय होती. नोंद वळणदार, जोडून लिहिलेल्या अक्षरांत असेल आणि एकही अक्षर लागत नसेल, तर घाबरू नका. ती मोडी लिपी असण्याची शक्यता आहे. भाषा मराठीच, लिपी वेगळी. महाराष्ट्रात मोडी वाचणारी माणसं अजून आहेत. त्या पानाचा चांगला फोटो काढून ठेवा.

नावांच्या बाबतीत एक सूचना. जुन्या पिढ्यांत सामाजी म्हणजे शमुएल, हसाजी म्हणजे यहेज्केल, मुसाजी म्हणजे मोशे, इसाजी म्हणजे यित्सहाक. वंशवृक्षात शमुएल सापडला आणि कागदात सामाजी, तर ती दोन माणसं समजू नका.

आणि सगळ्यात मोठा कागद म्हणजे घरातलं म्हातारं माणूस. आईला मी विचारलं, “अष्टमीचं काय आठवतं?” ती म्हणाली, “काही नाही रे. लग्न झाल्यावर दोन वर्षं राहिले, मग मुंबई.” मी वही मिटली. पण नातवाने तिला वेगळं विचारलं : “पणजी, पाणी कुठून आणायचीस?” मग ती तासभर बोलली. विहीर कोणाच्या दारात होती, रहाटाचा आवाज कसा येई, विहिरीवर कोण आधी भरायचं, सासूबाई शुक्रवारी किती घागरी जास्त भरून ठेवत, पलीकडच्या घरातली सून तिच्याच वयाची होती आणि दोघी विहिरीवर मुद्दाम वेळ काढत. म्हणून मी तुम्हाला सांगतो, ‘काय आठवतं’ असं विचारू नका. पाणी, चूल, वाट, शेजार, आजारपण, एकेक विचारा.

वाट

आम्ही डिसेंबरात निघालो. जून ते सप्टेंबर कोकणात धो धो पाऊस असतो, कबरस्तानांत गवत कमरेएवढं वाढतं आणि गेटवे ऑफ इंडियाच्या साध्या लाँचा बंद असतात. दिवाळी झाल्यावर ते फेब्रुवारीपर्यंत जाणं बरं.

गेटवेहून लाँचने मांडव्याला साधारण एका तासात पोहोचता येतं, आणि तिथून बसने अलिबाग. नातू सगळा वेळ कठड्याला धरून किनारा बघत होता. मी त्याला म्हटलं, “आपले लोक याच पाण्यातून आले.” तो म्हणाला, “सबा, पण ते पोहत आले, आपण तिकीट काढून.”

अलिबागच्या उत्तरेला किनाऱ्यावर किहीम, नवगाव आणि थळ ही गावं आहेत. आम्ही नवगावला स्मारकापाशी थांबलो, शेमा म्हटला आणि अलिबागला आलो. अलिबागमध्ये आपल्या वस्तीची गल्ली अजून ‘इस्राएल आळी’ म्हणून ओळखली जाते. तिथली मागेन अबोथ सिनेगॉग १८४८ साली स्थापन झाली, आणि आज दिसते ती इमारत १९१० सालची. अशा ठिकाणी आधी कळवून जावं. पूर्वी जिथे गल्ली भरून माणसं होती, तिथे आता थोडीच घरं आहेत आणि किल्ली एखाद्याच माणसाकडे असते. त्या माणसाच्या जेवणाच्या वेळी दार वाजवू नये.

अलिबागहून दक्षिणेला रेवदंडा. तिथेही आपली सिनेगॉग आहे, बेथ एल. रेवदंड्याजवळ कुंडलिका नदी समुद्राला मिळते. तीच नदी वर आत गेलं की रोह्याजवळून वाहते, आणि रोह्याच्या पलीकडच्या तीराला अष्टमी. नकाशावर बोट फिरवून बघा : आपली गावं किनाऱ्याने आणि खाड्या-नद्यांच्या काठाने वसलेली दिसतील. रस्ते नव्हते तेव्हा पाणी हाच रस्ता होता.

अष्टमीत

आता फजिती नंबर दोन. अष्टमीत उतरल्यावर मी एका दुकानात विचारलं, “इथे यहुदी लोकांची घरं कुठे होती?” दुकानदाराला कळेना. मी म्हटलं, “ज्यू लोक.” त्याने मान हलवली. दुसऱ्या दुकानात तेच. नातू माझ्याकडे बघू लागला. इतक्या लांब येऊन गाव आपल्याला विसरलं असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, घशात काही तरी अडकलं.

मग पिठाच्या गिरणीपाशी बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, “काय शोधताय?” मी पुन्हा यहुदी म्हटलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, “इस्राएल लोक म्हणताय का? तेली? शनवारचे?” मी त्यांचे हात धरले. मुलांनो, गाव आपल्याला विसरलं नव्हतं. मीच चुकीच्या नावाने विचारत होतो. यहुदी हा पुस्तकातला शब्द, ज्यू हा इंग्रजीतला. गावाने आपल्याला ज्या नावाने हाक मारली, त्याच नावाने विचारावं लागतं.

त्यांनी आम्हाला एका गल्लीत नेलं. आईने सांगितलेली विहीर होती, वर लोखंडी जाळी बसवलेली. तिच्यामागे आमचं घर असायला हवं होतं. तिथे सिमेंटचं एकमजली घर होतं. दारातून चाळिशीतला एक माणूस आला. गृहस्थांनी सांगितलं, “हे बाहेरदेशातून आलेत, यांच्या आजोबांचं घर इथे होतं.” त्या माणसाचा चेहरा एकदम बदलला. तो म्हणाला, “आमच्या आजोबांनी पैसे मोजून घेतलंय. सातबाऱ्यावर आमचं नाव आहे.”

हे तुमच्या बाबतीतही होऊ शकतं, म्हणून नीट ऐका. सातबारा म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे ते सांगणारा सरकारी उतारा. कोकणात मुंबईला गेलेला एखादा भाऊबंद अचानक येतो आणि वाटणी मागतो, असं पुष्कळ घरांत झालेलं असतं. आपण परदेशी कपडे घालून, कॅमेरा घेऊन, ‘हे आमच्या आजोबांचं घर’ म्हणत दारात उभे राहिलो, तर घरातल्या बाईच्या पोटात गोळा येतो. तिचा त्यात दोष नाही. मी हात जोडले आणि म्हणालो, “आम्ही काही मागायला आलो नाही. माझी आई या विहिरीचं पाणी प्यायली आहे. ती आता येऊ शकत नाही, म्हणून आम्ही बघायला आलो. तुमची परवानगी असेल तर पाच मिनिटं उभे राहतो आणि जातो.” हे वाक्य मी आधी म्हणायला हवं होतं. तो माणूस आत गेला. तो खुर्च्या घेऊन बाहेर आला, आणि त्याची बायको पाणी घेऊन.

थोड्या वेळाने पलीकडच्या घरातून एक आजी आल्या. त्या नव्वदीच्या जवळ असतील, नजर अधू. त्यांनी माझ्या तोंडाजवळ तोंड आणून विचारलं, “कुणाचा रे तू?”

मी माझं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, “दिमोनाहून आलो, इस्राएल देशातून.” त्यांनी पुन्हा विचारलं, “ते राहू दे. कुणाचा तू?” तेव्हा मला प्रश्न कळला. मी आजीचं नाव सांगितलं, मग आजोबांचं, मग आईचं, लग्नानंतरचं. आईच्या नावावर त्या थांबल्या. म्हणाल्या, “गोरी? पाण्याला उशीर लावणारी?” आणि हसल्या. “आम्ही दोघी मुद्दाम उशीर लावायचो.”

त्याच त्या, पलीकडच्या घरातली सून.

शुक्रवारी संध्याकाळच्या आत तेल आणून ठेवायचं, नाही तर रविवारपर्यंत दिवा कोरडा, हे त्यांना सासूने पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मलिद्याचं ताट त्यांच्या घरी यायचं, त्यांच्याकडून होळीला पुरणपोळी जायची. त्यांनी नातवाला जवळ बोलावलं आणि त्यालाही तोच प्रश्न विचारला, “आणि तू कुणाचा?” त्याने आपल्या वर्गात शिकलेलं मराठी गोळा केलं आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “मी ह्याचा.” सगळे हसले. आजींनी दुरुस्ती केली, “ह्यांचा म्हणावं. आजोबा आहेत ना?” नातवाने पुन्हा म्हटलं, “मी ह्यांचा.”

कबरेवरची तारीख वाचणं

आमच्या वाटेवरच्या एका कबरस्तानात आम्ही आजोबांची कबर शोधली. काही दगड पडलेले होते, काहींवरची अक्षरं पावसाने पुसली होती. आम्हाला ती सापडली नाही. तरी तिथे जे शिकलो ते सांगतो.

जुन्या दगडांवर हिब्रू आणि मराठी दोन्ही असतात. हिब्रू साल असेल तर त्यातून ३७६० वजा करा. ५६३० असेल तर १८७०. मात्र हिब्रू वर्ष नव्याच्या सणाला बदलतं, म्हणून तिश्री ते डिसेंबरअखेरच्या तारखेसाठी ३७६१ वजा करावे लागतात. मराठी साल ‘शके’ असेल तर ७८ मिळवा. शके १८२२ म्हणजे साधारण १९००. दगडावर खडू किंवा पावडर घासू नका, दगड खराब होतो. दिवस कलताना तिरपं ऊन पडतं तेव्हा पुसट अक्षरंही दिसतात, तेव्हा फोटो काढा. आपली कबर सापडली नाही, तरी शेजारच्या चार दगडांवरची नावं लिहून आणा. इथे आश्दोदमध्ये किंवा बेएरशेवात कोणी तरी ती शोधत असेल.

जाताना लक्षात ठेवा

पहिलं वाक्य : “आम्ही बघायला आलो, मागायला नाही.”

चपला दाराबाहेर काढा. विचारल्याशिवाय फोटो काढू नका, आधी माणसांशी बोला.

पाणी दिलं तर घ्या. बाटलीचं हवं असेल तर हातात घेऊन मान द्या आणि बाजूला ठेवा. घरचं खाणं कोशर नसेल म्हणून चालत नसेल, तर नारळ, केळी आणि काळा चहा मागायला संकोच करू नका. कोकणातल्या माणसांना दुसऱ्याचा नेम समजतो, त्यांचे स्वतःचेही असतात.

इथून खजूर घेऊन जा. पैसे देऊ नका, दिलेच तर कबरस्तानाच्या किंवा सिनेगॉगच्या देखभालीला, जबाबदार माणसाच्या हाती द्या.

परत आल्यावर फोटो पाठवा. आपण लोक तिथून निघालो तेव्हा पत्रं लिहू म्हणून निघालो होतो. बहुतेकांनी लिहिली नाहीत.

घरी परतल्यावर

आम्ही परत आलो तेव्हा मी आईला फोटो दाखवले : विहीर, नदी, सिमेंटचं घर. तिने चष्मा लावून पाहिले आणि बाजूला ठेवले. मग तिने विचारलं, “तुला तिथे कोणी विचारलं का, कुणाचा म्हणून?”

मी म्हटलं, “विचारलं.”

“काय सांगितलंस?”

मी सांगितलं. पलीकडच्या घरातल्या सुनेचा निरोपही दिला, की अजून आहे, गुडघे गेले, पाण्याला आता नळ आहे. आई बराच वेळ पातेल्याच्या काठावर बोट फिरवत बसली. दुसऱ्या दिवशी तिने नातवाला बोलावलं आणि त्या शाळेच्या कागदावर, बरोबरच्या खुणेखाली, त्याच्या हाताने नवीन उत्तर लिहून घेतलं. हिब्रूत नाही, मराठीत. त्याने ‘अष्टमी’ लिहिलं. ‘ष्ट’ दोनदा चुकला.

मुलांनो, घर राहत नाही. आमचं राहिलं नाही, तुमचंही कदाचित नसेल. पण ‘कुणाचा तू’ असं विचारणारं एखादं माणूस अजून त्या गावांत आहे, आणि त्याचं उत्तर सांगणारं एखादं माणूस तुमच्या घरात, मागच्या खोलीत, दुपारी झोपलेलं आहे. दोन्ही माणसं म्हातारी आहेत. गाव शोधायला नकाशा पुरतो, पण त्या प्रश्नाला उत्तर द्यायला मराठी लागतं. या वर्गाचं कारण एवढंच आहे.

शब्दार्थ

आळी : एका जातीच्या किंवा समाजाच्या घरांची गल्ली.
घाणा : तेल काढायचं लाकडी यंत्र, बैलाने फिरवायचं.
रहाट : विहिरीतून पाणी ओढायचं चाक.
सातबारा : जमिनीच्या मालकीचा सरकारी उतारा.
मोडी : मराठी लिहायची जुनी, जोडून लिहिलेली लिपी.
बिरडं : मोड आलेल्या, सोललेल्या वालाची भाजी.
खापरपणजोबा : पणजोबांचे वडील.

घरचा अभ्यास

१. तुमच्या घरातलं ‘कर’ शोधा. ते कुठे सापडलं : भांड्यावर, कतुबेत, पासपोर्टात की कोणाच्या तोंडून?

२. ते गाव रायगडच्या नकाशावर दाखवा. त्याच नावाचं दुसरं गाव आहे का? जवळची नदी किंवा खाडी कोणती?

३. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला हे पाच प्रश्न मराठीत विचारा आणि उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहा : पाणी कुठून आणायचात? शनिवारी चूल कशी ठेवायचात? शेजारी कोण होतं? आजारी पडलं तर कोणाकडे जायचात? गाव सोडलं त्या दिवशी कोण निरोप द्यायला आलं?

४. आरशासमोर उभं राहून मोठ्याने म्हणा : “मी … यांचा पणतू” किंवा “मी … यांची पणती.” नाव आदराने घ्या, ‘यांचा’, ‘यांची’ म्हणा, ‘ह्याचा’ नको.

थोरामोठ्यांसाठी एकच अभ्यास : मुलांनी प्रश्न विचारला तर “काही आठवत नाही” असं पहिल्यांदा म्हणू नका. विहिरीपासून सुरू करा.